चार बोटं खाली आणलेली गाडी

शाळेची मधली सुट्टी संपत आली होती, तेव्हा घरून फोन आला, "अक्का गेली." मी केजहून गावी पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती, तयारीही झाली होती आणि तरी कुणी पुढं होत नव्हतं. अक्काला उचलायचं होतं. माझी ही थोरली बहीण. लहानपणी पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले आणि ती जन्मभर हातांवर सरकत हिंडली. पण दहावी झाल्यापासून तिनं कुणाला स्वतःला उचलू दिलं नव्हतं. गावाला हे इतकं ठाऊक होतं, की त्या दिवशीसुद्धा धडधाकट माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. शेवटी मीच वाकलो. किती हलकी होती...

नांदूरघाटाजवळ आमचं गाव. वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. रानात जाण्याआधी ते अक्काला खांद्यावर बसवून शाळेत सोडायचे, आणि दहावीच्या परीक्षेलाही त्यांनी तिला तसंच नेलं. केंद्राच्या फाटकात एक पोरगा ओरडला, "आरं, बाळ आलं बघा परीक्षेला!" सगळे हसले. अक्कानं पेपर लिहिले, पास झाली आणि वडिलांना म्हणाली, "दादा, आता बस. हितून पुढं मला कुणी उचलायचं न्हाई." तिचं शिक्षण तिथं थांबलं आणि माझं सुरू झालं. ती जमिनीवर बसायची, म्हणून आमचा फळाही जमीनच होती. शेणानं सारवलेल्या भुईवर खडूनं तिनं काढलेली अक्षरं गिरवतच मी घरातला पहिला पदवीधर झालो. पुढं गावात दूध उत्पादकांची सहकारी संस्था निघाली आणि अक्का तिची सचिव झाली. संस्था घरापासून हाकेच्या अंतरावर होती, तिथवर ती सरकत जायची. त्यापलीकडचं जग उचलून घेतल्याशिवाय मिळणार नव्हतं, म्हणून तिनं त्याचं नावच सोडलं होतं.

मला नोकरी लागली तेव्हा केजच्या एका डॉक्टरांची जुनी मारुती मी घेतली, ती तिच्यासाठीच. अक्का तिच्या लाकडी पाटावर चढली, तिथून गाडीच्या उंबऱ्यावर तळवे टेकले, अंग वर रेटलं... आणि बैठक चार बोटं वर राहिली. उंच पाट करून आणला तर त्या पाटावरच तिला चढता येईना. दोन पाट एकावर एक ठेवले तर वरचा निसटला आणि तिची हनुवटी फुटली. मी नकळत हात पुढं केला. "हात माघारी घे," ती म्हणाली. "गाडी खाली घे."

मांजरसुंब्याला रहीमभाईंचं गॅरेज होतं. मी काय मागतोय ते ऐकून ते खो खो हसले. "गुरुजी, इथं समदे गाडी उंच करायला येतात. आपले रस्ते बघितलेत का? तुमी ह्या वयात कॉलेजच्या पोरावानी कावून करायलात?" मी अक्काचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. आहे तीच स्प्रिंग कापून आखूड करा, असं कुणीतरी मला सुचवलं होतं, त्याला मात्र ते तयार होईनात. "कापलेली स्प्रिंग कवा निसटल, भरोसा न्हाई. आखूडच आना, मी बसवतो." बीडची दुकानं झाली, अंबाजोगाईची झाली, भंगारवाले झाले. सगळीकडं तेच हसू. शेवटी औरंगाबादच्या एका गॅरेजात आखूड स्प्रिंगा भिंतीला टांगलेल्या सापडल्या. कुण्या हौशी पोरानं अशाच गाडीला लावल्या होत्या आणि बापानं काढायला लावल्या होत्या. खताच्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "काय हो, जातं घेतलंय का काय?"

"पायरी हाय," मी म्हणालो.

गाडी खाली आली. अक्कानं पाट ठेवला, तळवे टेकले आणि एका झोक्यात ती आत गेली. मग पाटाला बांधलेली दोरी ओढून तिनं तो स्वतःच आत घेतला. धप्प! "चल," ती म्हणाली. त्या दिवशी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर तिनं गाडीत बसूनच दोन चहा घेतले आणि येणारे-जाणारे ट्रक बघत राहिली.

त्या स्प्रिंगांबरोबर राहणं सोपं नव्हतं. खडा लागला तरी पाठीत कळायचा. तिसरा माणूस बसला की गाडीचं पोट रस्त्याला लागायचं. गतिरोधक दिसला की गाडी तिरपी घालायची आणि श्वास धरायचा. "पोट सांभाळ तिचं," अक्का सांगायची. पोरं ओरडत मागं पळायची, "बसकी आली रं, बसकी!"

मग तो दुष्काळ आला. गावातल्या विहिरी आटल्या, फक्त संस्थेच्या बोअरला पाणी राहिलं. संस्थेच्या बैठकीत अक्कानंच ठराव मांडला, की बोअरवरून गल्लीगल्लीत पाइप टाकून पाणी द्यायचं. पाइप रस्ता ओलांडून जायचे. बैलगाड्यांनी ते फुटू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड-मातीचे उंच वरंबे घातले. जीप जायची, टँकर जायचा. आमच्या घराच्या एका अंगाला एक वरंबा, दुसऱ्या अंगाला दुसरा, आणि मधे बसकी अडकली. अक्का रोज गाडीत जाऊन बसायची, काच खाली करून संस्थेचं कामकाज बघायची. बाया घागरी घेऊन जाता-जाता म्हणायच्या, "अक्का, आज कुठवर जाऊन आलात?" ती म्हणायची, "लई लांब."

जनावरं छावणीत गेली होती, दूध घटलं होतं. गावातलं संकलनच बंद करायचं असा विषय जिल्हा दूध संघाच्या बैठकीत निघणार होता. सचिवानं बीडला जाणं भाग होतं. चेअरमन दगडूमामा जीप घेऊन आले. "अक्का, उचलून ठिवतो जीपमधी. दोन मिन्टाचं काम हाय."

"मी काय दुधाचं कॅन हाय का, मामा?"

"मग घडीभर पाइप काढू."

"काढायचा न्हाई. बायांची पाण्याची पाळी चालू हाय." तिनं दारातल्या गाडीकडं बघितलं. मग म्हणाली, "गाडी उचला. मी आत हाय, एवढंच."

गल्लीतली माणसं चारी बाजूंनी वाकली. गलका करत, हसत त्यांनी गाडी वरंब्यावरून पलीकडं ठेवली. अक्का समोर बघत होती, दांडी घट्ट धरून. गाव मागं पडल्यावर ती हळूच म्हणाली, "कॅनच झाले की रं मी."

संघाचं सभागृह माडीवर होतं. ती गाडीतून उतरली आणि तळव्यांवर एकेक पायरी चढून वर गेली. सकाळ-संध्याकाळपैकी एका वेळेचं संकलन तिनं राखलं. परतताना वरंब्याशी माणसं वाट बघत उभी होती. तिनं मला अलीकडंच गाडी थांबवायला लावली, पाट खाली टाकला, उतरली आणि दोन्ही हात मातीत रोवून वरंबा ओलांडून घरी गेली. पाण्याच्या रांगेतल्या बायांनी घागरी बाजूला घेतल्या. पाट घेऊन मी मागून चाललो. पाऊस येऊन पाइप निघेपर्यंत ती पुन्हा गाडीत बसली नाही.

मूळच्या उंच स्प्रिंगा अजून न्हाणीमागं त्याच खताच्या पोत्यात आहेत. अक्का गेल्यावर रहीमभाई भेटायला आले तेव्हा जाताना म्हणाले, "गुरुजी, आता गाडी वर घेऊ. कवा म्हनता?" त्यांचं बरोबर आहे. मी अजून दिवस सांगितलेला नाही.

परवा केजला जायला गाडी काढली. अक्काचा पाट तिच्या जागेपुढं तसाच होता, दोरी दाराच्या मुठीला बांधलेली. मी बसलो आणि बसूनच राहिलो. मागं बसलेली बायको म्हणाली, "कावून थांबलात?" पाट आत आल्याचा आवाज झाल्याशिवाय माझा हात किल्लीकडं जातच नव्हता. मी उतरलो, पलीकडं जाऊन पाट तिच्या दाराशी जमिनीवर ठेवला, परत माझ्या जागी आलो आणि हात लांब करून दोरी ओढली.

धप्प.

मग गाडी सुरू केली.