गाडीखाली बोललेलं

रोझविटा क्निप्पला गाडीतले लोक आवडत नसत. तसं पाहिलं तर तिला कुणीच आवडत नसे, पण गाडीतल्यांवर तिचा विशेष राग. फोविंकेल भागातल्या त्या रस्त्याच्या वरून झुलती रेल्वेगाडी लोखंडी कमानींना लटकत जाते ती नेमकी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीला खेटून, आणि दुसरा मजला रोझविटाचा. कामावर निघालेलं अर्धं शहर रोज सकाळी तिच्या टेबलावर काय वाढलंय ते बघून जायचं. शेजारणींनी जाड पडदे लावले. रोझविटानं होते तेही काढून टाकले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि उलट त्यांच्याकडेच डोळे वटारून बघायला बसली. कुणी फारच टक लावली तर जीभ काढून दाखवायची. वय सत्तरीच्या पुढे, पण लाज कसली ती नाहीच.

घर मात्र तिचं नव्हतं. ते नणंदेचं, तळमजल्यावरच्या एडेलट्राउडचं. सासऱ्यानं घर मुलीच्या नावावर केलं आणि मुलाला, म्हणजे रोझविटाच्या हाराल्डला, वर राहायची नुसती तोंडी परवानगी दिली. हाराल्ड गेला आणि रोझविटाचं राहणं नणंदेच्या मर्जीवर आलं. तेव्हापासून तिच्या पोटात जी आग पेटली ती विझलीच नाही.

तरीही दर रविवारी दुपारी नणंद वर कॉफीला यायची, आणि रोझविटा त्या दुपारची आठवडाभर वाट पाहायची. कारण त्या रस्त्याची एक जुनी रीत होती. गाडी खिडकीवरून जात असताना कुणाला काही ऐकू येत नसे, म्हणून गाडीखाली बोललेलं मनात धरायचं नाही. सुना सासवांना, नवरे बायकांना काय सुनावायचं ते त्या खडखडाटात सुनावून मोकळे व्हायचे, आणि गाडी गेली की, ‘साखर किती घालू?’ रोझविटा तर एकही गाडी वाया घालवत नसे. थेरडी, चोरटी, भावाच्या वाटणीवर बसलेली नागीण! नणंद खाली मान घालून वाफलवर चेरी पसरत असायची.

पुढे जुन्या केशरी गाड्या गेल्या, नव्या निळ्या आल्या. यांचा आवाज कमी, असं लोक म्हणत. रोझविटाला काही फरक वाटला नाही. गाडी आली की बोलायची तीच, आणि स्वतःचं बोलणं चालू असताना बाहेरचं काय ऐकू येणार?

त्या हिवाळ्यात मात्र तिची झोप उडाली. दोनदा एक कोटवाला माणूस नणंदेबरोबर जिना चढून माळा बघून गेला होता. ही खिडकी गेली तर तिला दुसरं काही उरत नव्हतं. म्हणून त्या रविवारी तिनं वाफल जास्त खरपूस केले, क्रीम जास्त फेटलं, कधी नव्हे ते सासूची तोटीची कॉफीदाणी काढली, आणि गोड आवाज लावला.

“एडेलट्राउड, अगं, एक विचारू? तो कोटवाला कशाला येतो?”

“छपरासाठी. गळतंय ना.”

“म्हणजे घर विकायचं वगैरे नाही ना? मला इथंच मरायचंय बाई. हाराल्डपण इथंच गेला.”

“विकायचं? छे! आपल्या माणसाला कुणी बाहेर काढतं का?” नणंदेनं कप तोटीखाली धरला. “तू निवांत राहा.”

रोझविटाच्या जिवात जीव आला. तेवढ्यात खिडकीत निळी गाडी आली. सवयीनं तिचे ओठ उघडले, पण तोंडात वाफल होता. त्या रविवारी पहिल्यांदाच ती गाडीखाली गप्प होती. आणि एडेलट्राउड बोलली. तिच्याकडे सरळ बघत, साध्या आवाजात.

“विकलंय घर. इस्टरला खोल्या रिकाम्या करायच्यात.”

शब्द न् शब्द ऐकू आला. गाडी गेली. नणंदेनं क्रीमचं भांडं पुढे केलं. “घेणार अजून?”

गाडीखाली बोललेलं धरायचं नाही. पण रोझविटाला आता दुसरंच काही कळत होतं. नणंदेचं तिला ऐकू आलं, म्हणजे तिचंही नणंदेला येत होतं. निळ्या गाड्या आल्यापासूनचं सगळं.

“तू... ऐकत होतीस?”

“मग काय! पहिल्या रविवारी वाटलं, भाऊ गेलाय, रागाच्या भरात बोलतेय. दुसऱ्या रविवारी वाटलं, हिला सांगावं की ऐकू येतं. मग म्हटलं, नको. बघू कधी थांबते.” एडेलट्राउडनं हातरुमालानं तोंड पुसलं. “प्रत्येक रविवारी जिना चढताना म्हणायचे, आज गप्प बसेल. एक रविवार बसली असतीस ना, रोझविटा, तर मी सही केली नसती.”

रोझविटाला पाया पडावं असं वाटलं. खरंच वाटलं. माफ कर, एवढंच म्हणायचं होतं, आणि बाहेर तर रस्ता अगदी शांत होता. तिनं तोंड उघडलं.

“नागीण,” ती म्हणाली.

एडेलट्राउडनं मान हलवली, उठली, आणि स्वतःचा कप धुवायला घेऊन गेली.