गुंड ‘आई गं’ म्हणतो

माझा धाकटा भाऊ सिनेमात मार खातो. तोच त्याचा धंदा आहे. हीरोने लाथ मारली की जे पाच-सहा जण हवेत उडतात, त्यातला एक तो. आईला आम्ही सांगून ठेवलंय की खाली गाद्या असतात.

गेल्या वर्षी एका अ‍ॅक्शन थ्रिलरच्या शूटिंगला जिन्यावरून गडगडताना त्याचं खांद्याचं हाड मोडलं. तिथे गादी नव्हती. आईला आम्ही सांगितलं, शीळफाट्याला बाइक घसरली. शीळफाट्याचे खड्डे बघता यावर कुणीही विश्वास ठेवला असता, तिनेही ठेवला. खरं कळलं असतं तर मामाच्या ओळखीने तिने त्याला एमआयडीसीतल्या एखाद्या केमिकल कंपनीत चिकटवलं असतं. तिथे हा महिनाभरसुद्धा टिकला नसता. त्याला पडायलाच आवडतं, त्याला कोण काय करणार?

सिनेमा आला आणि समीक्षक कामाला लागले. पेपरातल्या समीक्षकाला सगळं आवडलं, एक सोडून. कथा लखनौची, गुंड लखनौचे, आणि त्यातला एक जिन्यावरून पडताना चक्क ‘आई गं’ ओरडतो! दिग्दर्शक झोपला होता काय, असं त्याने विचारलेलं. यूट्यूबवरच्या एकाने सिनेमाची सालटी काढली आणि वर म्हणाला, अडीच तासांच्या या खोटेपणात ते एक ‘आई गं’ तेवढं खरं वाटतं. तिसरी एक बाई होती. तिच्या मते ती ओव्हरअ‍ॅक्टिंग होती.

भाऊ तिसरीवर भडकला.

“ओव्हरअ‍ॅक्टिंग? ताई, हाड मोडलेलं माझं!”

“हळू बोल, आई आत भाकऱ्या थापतेय.”

“दिग्दर्शकाला ती किंकाळी एवढी आवडलेली की डबिंगसुद्धा नाही केलं. आणि ही कोण टिकोजीराव लागून गेली?”

त्याने तिला चांगली लांबलचक कमेंट लिहिली. मी ती डिलीट करायला लावली. इकडे आपलं झाकली मूठ चाललेलं आणि याला तिकडे न्याय हवा होता.

पण वरच्या मजल्यावरच्या काकूंना कोण आवरणार? ‘तुमच्या पोराचा सिनेमा’ म्हणून त्यांनी आईसकट आम्हा सगळ्यांची कल्याणच्या थिएटरची तिकिटंच काढली. भाऊ म्हणाला, टेन्शन नको, त्या सीनमध्ये तोंडाला रुमाल आहे. मीही शहाणी, मान डोलावली.

जिना आला. रुमालवाला गुंड पडला, ओरडला. थिएटरात शिट्ट्या वाजल्या, मागच्या रांगेतली पोरं तर ‘आई गं, आई गं’ करत हसत सुटली. माझी चप्पल हातात यायची बाकी होती. आईचा पॉपकॉर्नचा हात तिथेच थांबला. मग तिने पुडा माझ्याकडे दिला आणि उरलेला सिनेमा नीट पाहिला.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, हीरो आता म्हातारा दिसतो. त्या बहिणीकडे विठ्ठलवाडीला गेल्या आणि आम्ही तिघं डोंबिवलीच्या रिक्षात बसलो. आई मध्ये बसलेली.

“जिन्यावरून पडलेला तो तू ना रे?”

“छे गं, दुसरा होता तो.”

“गप. हाक मला मारलेली. मला कळणार नाही?”

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहत बसले. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार, मामाला फोन जाणार आणि सोमवारी हा हेल्मेट घालून कंपनीच्या गेटवर उभा राहणार, हे मी धरूनच चाललेले.

“मग धावत कोण आलं?” आईने विचारलं.

“काय?”

“तू ओरडलास. जवळ कोण आलं?”

 

“लगेच कुणी नाही आलं,” तो म्हणाला. “शॉट ओके झालेला ना. सगळे टाळ्या वाजवत होते.”

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, पण रिक्षात तो काढायचा कुणावर? आईने फक्त त्याच्या मोडून जुळलेल्या खांद्यावर हात ठेवला.

“पुढच्या वेळी मला घेऊन जा,” ती म्हणाली. “मी बसेन एका बाजूला.”