चुन्याच्या निवळीतली ज्वारी

वडवणीकडच्या त्या गावात भिवराबाईला लांबून ओळखायची खूण म्हणजे तिची कमरेची चंची. तंबाखू संपली तर ती उसनी मागेल, पण चुन्याची डबी कधी रिकामी सापडायची नाही.

पंचवीस वर्षं तिनं ऊस तोडला. आधी नवऱ्याबरोबर, तो गेल्यावर दिराच्या टोळीत. गुडघे गेले त्याच सुमाराला गावातल्या बायकांनी बियाण्याची सोसायटी काढली आणि राखण हिच्याकडे दिली. ज्वारीला कीड लागू द्यायची नाही, पेरणीला ज्याच्या त्याच्या रानापुरतं बी द्यायचं, एवढंच काम. बदल्यात सुगीला घरटी पायलीभर ज्वारी. त्यावर तिची भाकर चाले आणि कोयता आढ्याला टांगलेला राही.

चौदा सालच्या भाद्रपदात विहिरींचे तळ दिसायला लागले. काळ्या रानात पेरणीपुरती ओल होती, पुढचं देवाला ठाऊक. तेव्हा शेतीखात्याचा शहादेव येऊन बायकांना म्हणाला, "चुन्यात कॅल्शियम असतं. झाडाच्या पेशीत सांगावा पोचवायचं काम त्याचं. पाणी तुटलं की ते पेशीत उसळतं. मग पानं आपली बारीक तोंडं मिटून घेत्यात, वरची वाढ आवरती, आन अन्न मुळाकडं वळतं. बी चुन्याच्या निवळीत भिजवून सावलीत वाळवलं, तर रोपाला तहानेची वर्दी आधीच मिळती."

"म्हंजी मुकादमाची शिट्टी," भिवराबाई म्हणाली. "एक वाजली की तोडणारे थांबत्यात आन मोळ्या बांधणारे उठत्यात."

"तसंच, मावशी. पण आधी मूठभर बियाण्यावर करून बघा."

मूठभर करून बघेल ती भिवराबाई कसली! पटलं की पटलं. तिनं कुणाला न विचारता सोसायटीचं सगळं बी निवळीत भिजवलं, घरात पसरून वाळवलं आणि मग सांगितलं.

सोसायटीच्या अध्यक्ष रुक्मिणीबाई. घरचं मोठं रान, बोलायला फटकळ, मनानं वाईट नव्हत्या. पण त्या दिवशी भडकल्या. "जिभेला लागला तर चुना पोळतो, बियाण्याला सोडंल व्हय? बी पोळलं असंल, तर राखण दुसरीला देऊ."

निवाडा देवीवर सोपवला. गावात रब्बीचं बी घटात पारखायची रीतच होती. देवळात पाण्यानं भरलेले मातीचे दोन घट बसले. एका पत्रावळीवरच्या मातीत रुक्मिणीबाईंची घरची कोरडी ज्वारी, दुसरीवर भिवराबाईची.

सातव्या माळेला रुक्मिणीबाईंची रोपं वीतभर झाली होती आणि भिवराबाईची जेमतेम बोटभर.

"भिवरीनं सोसायटीलाच चुना लावला!" कुणीतरी म्हणालं आणि बायका खो खो हसल्या. गावाला काय, उंच दिसलं की चांगलं वाटतं. भिवराबाईला हसू आलं नाही. तिलाही तो घटच खरा वाटत होता. सगळ्यांच्या तोंडची भाकर आपण पोळवली, या विचारानं तिचं अन्न गोड लागेना. दसऱ्याच्या सकाळी तिनं कोयता खाली काढला, दगडावर पाणी शिंपडून घासला आणि दिराला म्हणाली, "टोळीत मला बी घ्या, भावजी." दीर तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

मग घट उठवायला ती देवळात गेली. रुक्मिणीबाईंनी आपल्या रोपांना हात घातला, तशी ती सुळकन निघून आली. पिवळी, लांबलचक, मुळं जेमतेम. भिवराबाईनं आपली ओढली, तर निघेनात. जोर लावला तशी खालची पत्रावळ मातीसकट उचलली गेली. पत्रावळीची पानं भेदून मुळं पार खालून बाहेर आली होती.

भिवराबाईनं खालून लोंबणाऱ्या मुळांवरून बोटं फिरवली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.

"घट रोज झिरपत व्हता की वो," ती म्हणाली. "रानात कोण झिरपतंय आपल्यासाठी?"

रुक्मिणीबाई ती पत्रावळ उलटी करून किती तरी वेळ बघत होत्या. मग उठल्या, भिवराबाईसमोर उभ्या राहिल्या आणि पदर पसरला.

"माझ्या रानापुरतं दी," त्या म्हणाल्या. "घरचं दळायला काढते."

त्या साली पुन्हा पाऊस झाला नाही. कणसं लहान आली, पण भरली. सुगीला पहिली पायली रुक्मिणीबाईंनी स्वतः डोक्यावर आणली. भिवराबाईनं ती उतरून घेतली आणि बसायला पाट दिला. वर आढ्याला दसऱ्याला घासलेला कोयता होता, आणि त्याला गंज चढला होता.