नाचाची पुस्तकं देणाऱ्या कुमुदकाकू

रायपूरजवळच्या बीरगांवात, माझ्या कथकच्या वर्गात मुलींच्या गिरक्या मोजत होते, तेव्हा फोन आला. कुमुदकाकू गेल्या. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि पुढे मोजत राहिले… आकडा चुकला, तशा मुली थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. त्याला आता दीड महिना झाला.

नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूरहून रायपूरला आले तेव्हा कथक शिकवायचं एवढंच ठरलं होतं. ओळखीचं कुणी नव्हतं. तिथल्या तात्यापारा भागातल्या जुन्या वाचनालयात टेबलाशी कुमुदकाकू बसायच्या. रेल्वेतल्या नवऱ्यामागे वर्ध्याहून आलेल्या, साठी ओलांडलेल्या. मी कथक शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, नाचणाऱ्या बायांची किती चरित्रं वाचली? एकही नाही, म्हटलं. काकूंनी एका वाक्यात माझी जिरवली. "पहिले बाई वाच, मंग नाच."

आधी चरित्र, मग इतिहास, तंत्राचं पुस्तक सगळ्यात शेवटी. हा क्रम त्या कुणाला मोडू द्यायच्या नाहीत. नवं पुस्तक आलं की आधी फोटो बघायच्या, आणि फोटोत नाचणारीचे पाय कापलेले असले की पुस्तक बाजूला. चेहरा तर पासपोर्टच्या फोटोतही येतो, म्हणायच्या. छत्तीसगडमधल्या रायगढच्या, कथकला आश्रय देणाऱ्या दरबारावरचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी मला दिलं होतं. त्यात राजाचं नाव पानोपानी आणि नाचणाऱ्या एका बाईचं एकदाच, तेही तळटीपेत. त्या पानात काकूंची चिठ्ठी होती, ‘हिच्यासाठी वाच.’ बाकीचं पुस्तक मी चाळलं, ते पान मात्र कितीदा वाचलं असेन.

एवढं सगळं ठाऊक असलेली बाई कधीकाळी नाचलेली असणारच, असं मी धरून चालले. विचारलं नाही, आणि तिथेच माती खाल्ली. वार्षिक कार्यक्रमाला त्यांना पाहुण्या म्हणून बोलावलं. समोर शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून ड्यूटी आटोपून आलेले आईबाप, आणि मी माइकवर जाहीर करून टाकलं, ‘ज्येष्ठ नृत्यांगना कुमुददीदी’. काकू सावकाश उठल्या. माइक हातात घेऊन म्हणाल्या, "मैं नाची नहीं हूँ बेटा. मैंने सिर्फ पढ़ा है." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आठवडाभर मी तोंड लपवलं. मग जाऊन माफी मागितली आणि म्हटलं, काकू, मी शिकवते तुम्हाला. गुडघे, वय, लोक काय म्हणतील, सगळं त्यांचं सांगून झालं. तरी वाचनालयाच्या सुटीच्या सोमवारी काकू दार उघडून, पदर खोचून उभ्या होत्या. तत्काराची, म्हणजे कथकच्या पदन्यासाची, पहिली ओळ घेतली, उजव्या पायापासूनची चार पावलं. ता थेई थेई तत. त्या स्वतःच्या पायांकडे अशा बघत होत्या, जणू कुणाचे उसने आणलेत. चेहऱ्यावरचा घाम टिपत म्हणाल्या, "पुढची ओळ मले पुस्तकातून पाठ आहे. पण तू शिकवशील तवाच पाय टाकीन. जनमभर वाचूनच तर राहिली मी."

पुढचा सोमवार आलाच नाही. आधी मुलींच्या परीक्षा, मग गणपतीचे कार्यक्रम, मग सासूबाईंचं आजारपण. दर वेळी मी ‘येत्या सोमवारी नक्की’ म्हणायचे. काकू ‘हव’ म्हणायच्या आणि एखादं पुस्तक पुढे सरकवायच्या. असे आठ महिने गेले. अर्ध्या तासाचं काम होतं… मला स्वतःला माफ करवत नाही.

परवा त्यांच्या घरी गेले, वाचनालयाची राहिलेली पुस्तकं आणायला. त्यांच्या मुलाला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीत. चहा ठेवता ठेवता त्यानं सहज विचारलं, "दीदी, आई यहाँ गैस के सामने रोज पैर क्यों पटकती थी? नीचे वाले शिकायत लेके आते थे. बस चार बार, फिर रुक के खड़ी रहती थी."

मी ओट्यासमोरच्या फरशीकडे बघत राहिले. तिथं उभं राहून काकू रोज पाचव्या पावलाची वाट बघत होत्या, आणि ते द्यायचं माझ्याकडे होतं.