बिबट्याशी ती लढली, मी झाडावर होतो

बायकोच्या तेरवीला माझा भाचा उभा राहिला. मास्तर होता, आता रिटायर झाला आहे. बोलायची हौस गेली नाही. मांडवात दोनशे माणसं बसलेली. तो म्हणाला, मामींचं आयुष्य म्हणजे मामांनी दिलेलं दान. मामांनी त्यांना बिबट्याच्या तोंडातून रिकाम्या हातांनी सोडवून आणलं नसतं, तर आज आपण इथं बसलो नसतो.

मी बसल्या जागेवरून म्हटलं, "खोटं आहे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पुन्हा म्हटलं, "मी नाई लढलो. थे लढली. मी झाडावर होतो."

भाचा जवळ येऊन माझ्या कानाशी लागला. "मामा, दुःखानं होते असं. बसा तुमी."

"दुःख झालं म्हणून खोटं बोलत नसते माणूस."

"अहो, बिबट्या आपल्याएवढं हरीण तोंडात धरून झाडावर चढते. बाईमाणूस बिनहत्यारानं त्याच्यासंग टिकंन काय? तुमीच सांगा."

कोणीतरी मला पाणी आणून दिलं. पंगत बसली. भात वाढला गेला. माझं म्हणणं तिथंच राहिलं.

म्हणून लिहितो आहे. मी चार बुकं शिकलो, त्यातलं चौथं अर्धं. पण पाहिलेलं सांगायला बुकं लागत नाहीत. बिनहत्याराचा माणूस बिबट्यापुढे टिकतो की नाही हे ज्याला पुस्तकात शोधायचं त्यानं शोधावं. मी पाहिलं आहे. वरून पाहिलं आहे, आणि वरून सगळं स्वच्छ दिसतं.

महाराष्ट्र होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. आम्ही आधी मध्यप्रदेशात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्रात आलो, आणि एवढं सगळं होऊन वावर तिथंच होतं, सोनाळ्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावली होती. मधे मधे तुरीचे तास. तूर त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात माणूस शिरला तर टोपी दिसायची नाही.

वेचणीचा पहिला दिवस होता. पहिल्या दिवशी आमच्याकडे सीतादई करतात. धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, पाच खडे मांडायचे, हळद-कुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा, थोडा वावरात चहूकडे शिंपायचा आणि मग कापसाला हात लावायचा. हे बायकांचं काम. वेचणीही बायकांचीच. माणसानं ओटी बांधून कापूस वेचला तर गाव हसायचं. तर ती होती आणि वेचायला आलेल्या चार जणी होत्या. मी एकटा माणूस, धुऱ्यावर कुंपणासाठी बाभळीच्या फांद्या तोडत होतो. हातात कुऱ्हाड होती. हे लक्षात ठेवा, कारण मी विसरू शकलो नाही.

दहीभाताला गावातली कुत्री यायची. दर साली यायची. दिवसभर येत राहायची. दुपार चढली तेव्हा चार जणी वावराच्या त्या टोकाला गेल्या होत्या. माझ्या बायकोची ओटी भरली होती. ओटी म्हणजे जुन्या लुगड्याचा फडका, कमरेला आणि गळ्याला बांधून पोटावर झोळी करायची, वेचत जायचं आणि कापूस तिच्यात कोंबत जायचा. ती भरली की बाई सात महिन्यांची दिसते. ती ओटी रिकामी करायला धुऱ्याकडे येत होती. खड्यांजवळ तुरीत काहीतरी हाललं. पिवळं दिसलं.

तिला वाटलं कुत्रं. मलाही वाटलं कुत्रं. ज्या गावात सीतादई होत नाही तिथली बाई थांबली असती. ही ओरडली, "हाड! सकाऊनपासून तिसऱ्यांदा आला बे तू!" आणि ढेकूळ उचलायला वाकली.

वाकलेलं माणूस जनावराला जनावर दिसतं. उभं असतं तर कदाचित तो निघून गेला असता. ती वाकली आणि तो आला.

मी काय केलं ते आधी लिहितो, मग तिचं. मी कुऱ्हाड टाकली आणि धुऱ्यावरच्या निंबावर चढलो. विचार वगैरे काही केला नाही. खाली पाहिलं तेव्हा कळलं की मी वर आहे. बिबट्या माझ्यापासून वीस पावलांवर होता, कुऱ्हाड निंबाच्या बुडाशी होती आणि बायको बिबट्याच्या खाली होती.

त्यानं तिला उताणं पाडलं होतं. पुढचे दोन्ही पंजे तिच्या खांद्यांत. तोंड नरड्याला घालायला गेला असेल, पण मधे ओटी होती, फुगलेली, हनुवटीपर्यंत आलेली. त्याचे दात तिच्यात गेले. फडका दातांत अडकला आणि तोंडात कापूस भरला. त्यानं मान झटकली. अजून कापूस आत गेला. कापूस ओला झाला की जिभेला चिकटतो, सोडवता येत नाही. लहानपणी आम्ही पैजेनं तोंडात धरायचो, म्हणून मला माहीत आहे.

तिच्या ते लक्षात आलं. कसं आलं देव जाणे. मी तिला पुढं विचारलं तर म्हणाली, "त्यानं ठसका देल्ला ना." म्हणजे त्याला ठसका लागला आणि हिनं ओळखलं की इथं त्याचं दुखतं. तिनं डाव्या हातानं ओटीतला कापूस मूठ भरून त्याच्या घशात कोंबला. हात आत गेला मनगटापर्यंत. उजव्या हातानं त्याचा कान धरला, पिरगाळला आणि सोडला नाही. एक गुडघा त्याच्या पोटात घातला. तो मागच्या पायांनी ओरबाडत होता. तिचं लुगडं फाटलं, मांडी फाटली.

आणि ती शिव्या देत होती. रडत नव्हती, मला हाक मारत नव्हती. "मुडद्या! माझा कापूस खातं? खाय! खाय अजून! तुह्या मढ्यावर घालीन, खाय!" असं. मी ते शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. काही गाळले आहेत.

किती वेळ? एक विडी ओढून होणार नाही एवढा. मग त्या टोकाच्या चार जणी बोंबलत, ढेकळं फेकत धावत आल्या. बिबट्यानं अंग झटकलं, कान सुटला, हात सुटला. तो तुरीत गेला तेव्हा त्याच्या जबड्यातून कापूस लोंबत होता आणि तो खोकत होता. तिची दोन बोटं मात्र सोबत घेऊन गेला.

मी खाली उतरलो. चारही जणींनी मला उतरताना पाहिलं. मी कुऱ्हाड उचलली, कशाला उचलली मलाच ठाऊक नाही, आणि तिच्यापाशी जाऊन तिला मांडीवर घेतलं. माझा सदरा रक्तानं भिजला. तेवढ्यात शेजारच्या वावरातली माणसं आली. त्यांनी काय पाहिलं? बायको माझ्या मांडीवर, मी रक्तानं माखलेला, बाजूला कुऱ्हाड. एकानं कुऱ्हाड उलटीपालटी करून पाहिली आणि ओरडला, "अबे, कुऱ्हाडीले रगत नाई! हातानंच लढला हा! हातानं!"

बस. संध्याकाळपर्यंत गावात झालं होतं. आमच्या गावात माणसं चावडीवर बसत आणि बायका वावरात जात. गोष्ट चावडीवर तयार झाली. वावरातल्या चौघींना कोणी विचारलं नाही.

तिला बैलबंडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिमट्यानं तिच्या खांद्यातून सरकी काढत होता. म्हणाला, बाईच्या जखमेत सरकी कशी गेली? ती त्या तापातही हसली. "बिबट्यानं पेरली, साहेब."

चौथ्या दिवशी मी तिच्या खाटेजवळ बसलो आणि म्हटलं, "मी सांगून देतो गावात. मी निंबावर होतो म्हणून."

"काय सांगता?" ती म्हणाली. "मले दोन बोटं नाईत आता. तुमाले नाक तरी राहू द्या. घरात एक जण तरी पुरा पाह्यजे."

"लोक मले शेला-नारळ देऊन राह्यले."

"घ्या ना मंग. शेला मी पांघरीन."

मी घेतला. लाज वाटली आणि घेतला. पहिल्यांदा वाटते तेवढी लाज दुसऱ्यांदा वाटत नाही. लग्नात, मौंजीत, बाजारात लोक विचारायचे, कसे लढले सांगा. मी सांगायचो. तिचं सगळं मी माझ्या अंगावर घेतलं होतं, कान पिरगाळणं, गुडघा, घशात हात. एकदा ओसरीवर पाहुण्यांना हात करून दाखवत होतो, "असा उजवा हात घातला त्याच्या घशात..." आतून सुपाचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, "डावा होता."

पाहुणे हसले. एक म्हणाला, "वहिनी, तुमाले काय ठाऊक, तुमी त बेसूद होत्या!"

"हाव," ती म्हणाली आणि पुन्हा पाखडायला लागली.

त्या दिवसापासून मी डावा सांगू लागलो.

तीन बोटांच्या त्या हातानं ती भाकरी थापायची. भाकर एका बाजूनं जाड व्हायची, मधे कच्ची राहायची. मी कधी काही बोललो नाही, आणि ती माझ्या निंबाचं कधी बोलली नाही. भांडलो नाही असं नाही, कडाक्यानं भांडलो. तिची जीभ तिखट होती. एका भांडणात एक शब्द काढला असता तर मी मेलो असतो. नाही काढला. पन्नासच्या वर वर्षं नाही काढला. आता घरात कोणी भांडत नाही. सून चांगली आहे, भाकर सगळीकडून सारखी करते. माझ्या घशाखाली उतरत नाही.

तेरवी झाल्यावर आठव्या दिवशी मी साक्षीदार शोधायला निघालो. त्या चौघींपैकी एकच जिवंत आहे, खालच्या आळीत राहते. दिसतं कमी, ऐकू येतं. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"वयनी, तू होती त्या दिवशी. तू पाह्यलं. भाच्याले दोन शब्द सांग."

तिनं सुपारी कातरली. मग म्हणाली, "आमी चौघीनंबी पाह्यलं. तुमी उतरले थेबी पाह्यलं. धोतर बाभळीच्या काट्यात अडकलं होतं तुमचं."

मला हे ठाऊक नव्हतं.

"मंग काऊन नाई बोलल्या तुमी कोणी?"

"तुमच्या बायकोनं बंडीत शपथ घातली. रगत वाहून राह्यलं होतं अन शपथ घालून राह्यली होती. म्हणे, माह्या गळ्याची आण, माणसायले सांगसान त. आमी आमच्या माणसायलेबी नाई सांगतलं. तिघी तशाच गेल्या."

"आता थे गेली. आता काय आण?"

"आण घालणारानं 'सुटली' म्हणा लागते, तवा सुटते. तिनं म्हटलं नाई. आता कोण म्हणंन? तुमी?" ती हसली. दात नाहीत तिला. "मी नाई तोडत, भाऊजी. तुमच्यासाठी त नाईच नाई."

मी तिला हात जोडले, चिडलो, म्हटलं, अवं बुढी, तिचंच नाव होईन ना! ती म्हणाली, "थ्यावर तुमी बसले होते इतके दिवस. आता तुमीच उठा."

बरोबर बोलली. मला राग आला आणि बरोबर बोलली. सगळ्या गावाच्या बायकांमध्ये चार जणींना माहीत होतं आणि त्यांनी मला भाऊजी म्हणून चहा पाजला, माझ्या हातून हळदी-कुंकवाचं सामान मागवलं, पोरींच्या लग्नात मला पुढं बसवलं. मला वाटायचं, मी गावाला फसवतो आहे. मी कोणाला फसवत होतो? मला सांभाळून घेतलं जात होतं.

साक्षीदार मिळाला नाही. ठीक. मला कोणी शपथ घातली नव्हती. बायको तेवढं म्हणाली होती, नाक राहू द्या. आता त्या नाकाचं मी काय करू? वास घ्यायला तिच्या हातची फोडणी नाही.

भाच्याकडे गेलो आणि त्याला सगळं सांगितलं, कापूस, डावा हात, कान, ठसका. तो म्हणाला, "मामा, समजा खरं असंन. पण लोक तुमाले भित्रा म्हणतीन. या वयात काऊन करून राह्यले हे?"

"म्हणू दे. आहेच मी भित्रा. माह्या हातात कुऱ्हाड होती अन मी निंबावर गेलो. तिच्या हातात कापूस होता."

मी म्हटलं लिहून घे, त्यानं घेतलं नाही. म्हणून ही वही माझी.

रोज सकाळी मी बसस्टँडवर चहाला जातो. परवा तिथं परगावचा एक माणूस होता, उंद्रीकडचा, बियाणं विकायला आलेला. चहावाल्यानं सवयीनं माझी ओळख करून दिली, "हे आबाजी. बिबट्यासंग हातानं लढले."

मी म्हटलं, "मी नाई. माही बायको लढली. मी झाडावर होतो."

सगळे हसले. चहावाला म्हणाला, "आबाजी मस्करी करते." बियाण्यावालाही हसला आणि त्यानं माझ्या चहाचे पैसे दिले.

मी ते पैसे त्याला परत दिले. म्हटलं, "बस इथं. पह्यलेपासून सांगतो. वेचणीचा पह्यला दिवस होता." त्याची बस आली, तो अर्ध्यातून उठून गेला. काल दुसरा होता, त्याला सांगितलं. आज दोघं होते. एकानं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "कोणता हात घातला होता म्हणे बाईनं?"

"डावा," मी म्हटलं.