साबळेकाकांचा शब्द

साबळेकाका कुठलंही यंत्र उघडलं की आधी त्याचा वास घ्यायचे. मिक्सर असो, रेडिओ असो, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, “जळलेलं नाय. नुसतं रुसलंय.” मुकुंदवाडीतल्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे. जन्मभर दुरुस्तीचंच काम केलेलं, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तळमजल्यावरचा सोसायटीचा गाळा माझ्याकडे भाड्याने होता. चहा, पोहे आणि कोपऱ्यात माणसाच्या उंचीचं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन. छावणीतलं गेम पार्लर बंद पडलं तेव्हा मी ते हट्टाने उचललं. लहानपणी त्या पार्लरात मुलींना कुणी उभं करत नसे, काचेतून बघत राहायचं. मशीन माझ्या दारात उतरलं त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

खोट एकच, आवाजाची. आतलं बटण जरा फिरवलं की मशीन मुकं, अजून जरा फिरवलं की सगळी बिल्डिंग हादरायची. तक्रारी वाढल्या. कमिटीने बजावलं, आवाज आटोक्यात आणा, नाहीतर गाळ्याचा करार वाढवणार नाही. माझं पोट त्याच गाळ्यावर. मी रडकुंडीला आले, तर काका आपणहून खाली आले. “लेकी, फिकर कायकू करती? मी हाय ना.”

नाणं टाकायचं दार उघडून त्यांनी बटण बाहेर काढलं. आतली पट्टी झिजून गेली होती. जुन्या बाजारातून तसंच दुसरं आणलं आणि बशीतला चहा फुरकत वायरींना सोल्डरिंगचा डाग द्यायला बसले. “ह्या दोन कडेच्या वायरी. उलट्या जोडल्या की कमीचं जास्त होतं अन् जास्तीचं कमी. नवशिके इथंच फसत्यात,” म्हणाले आणि स्वतःच खुदकन हसले. आवाज बेताचा लावून त्यांनी दार बंद केलं. “आता हात लावू नको. कमिटी आली की त्यांच्यापुढं अजून कमी करून दाखव. लई बोलणारे गप होत्यात.”

रविवारी सकाळी कमिटी आली, काकाही त्यांच्यात होते. मी ऐटीत दार उघडलं आणि बटण डावीकडे, कमीच्या बाजूला फिरवलं. मशीन किंचाळलं. मी घाबरून ते आणखी डावीकडे फिरवलं. अध्यक्षांनी कानावर हात ठेवले. शेवटी कुणीतरी प्लग उपटला. मी काकांकडे बघितलं, ते छताकडे बघत होते.

“साबळे, तुम्हीच सांगा, हे सुधरंल का?” अध्यक्षांनी विचारलं.

“जुनी मशीन हाय,” काका म्हणाले. “हिचा काय भरवसा नाय.”

सगळे गेल्यावर मी प्लग लावला आणि बटण उजवीकडे फिरवलं. मशीन शहाण्यासारखं गप्प झालं. दोन वायरी उलट्या होत्या. मी धावत अध्यक्षांचं दार गाठलं. ते म्हणाले, “बाई, साबळेंनीच नाही म्हटल्यावर आम्ही काय बोलणार?” मला काकांचाच राग यायला हवा होता, पण तेव्हाही मी मनाची समजूत घालत होते, वय झालंय त्यांचं, हात चुकला असेल.

करार संपला. गाळा काकांच्या मुलाला मिळाला, मोबाइलच्या दुकानासाठी.

मशीन टेम्पोत चढवताना काका खाली आले. त्यांनी एका बाजूने हात लावला. “हळू, काच हाय,” हमालाला दटावलं. मशीनखाली गोणपाटही स्वतः सरकवलं. ती काळजी मला बघवेना.

मी विचारलं, “काका, वायरी मुद्दाम उलट्या लावल्या ना?”

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. “व्हय. पोरगं घरी बसून होतं. तू काय, कुठंबी उभी राहशील.”

आज बजाजनगरात माझा स्टॉल बरा चालतो. त्यांचं म्हणणं खरं ठरलं, आणि तेच मला सहन होत नाही. टेम्पोपाशी मी विचारलं तेव्हा त्यांनी नुसतं “नाय” म्हणायला हवं होतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला असता.