मारोतीमामांची सुतळी

मारोतीमामा गिऱ्हाइकाला आधी सायकल दाखवतच नसत. स्वतःची काळी, जुनी सायकल त्याच्या हाती द्यायचे आणि म्हणायचे, "वारंगा फाट्यापस्तोर जाऊन या." माणूस घामाघूम होऊन परतला की त्याला बाकड्यावर बसवून पाणी द्यायचे आणि विचारायचे, "कुठं दुखलं?" कंबर म्हटलं तर एक सायकल, गुडघे म्हटलं तर दुसरी. आता ते दुकान बंद करून गोरेगावला लेकीकडं राहतात. पण मी परिचारिका म्हणून आखाडा बाळापूरला आले तेव्हा हा प्रकार रोज चालायचा, आणि खरं सांगते, मला त्याचं हसू यायचं.

एकदा कळमनुरीकडच्या एका बागायतदाराचा मुलगा मोबाइलमधला फोटो घेऊन आला. जाड चाकांची, गिअरची, अशीच मागवून द्या म्हणाला. मामांनी विचारलं, "जायचं कुठं?" तो म्हणाला, "जायचं कुठं न्हाई मामा, पाहिजे फक्त." मामा परत पंक्चरच्या कामाला लागले. "मंग फोटोच ठिवा. त्याला हवा भरावी लागत न्हाई."

माझं मात्र जायचं ठिकाण ठरलेलं होतं. चाळिशीत मला सायकलचं वेड लागलं. नांदेडच्या हौशी मंडळींची एक फेरी असते, हिंगोलीच्या पुढं जाऊन परत, दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. पहिल्या वर्षी मी आमच्या डॉक्टरांची शर्यतीची सायकल मागून घेतली आणि उतरले. परतताना कळमनुरीजवळ दोन्ही हात बधिर झाले. सायकल टेम्पोत टाकून घरी आले. डावा हात लवकर मोकळा झाला, पण उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तीन आठवडे मुकं राहिलं. सुई लावताना याच दोन बोटांवर हात टेकवून स्थिर धरायचा असतो. एका तान्ह्या लेकराची शीर मला दोनदा चुकली आणि सुई दुसऱ्या सिस्टरच्या हातात द्यावी लागली. त्या दिवशी मी घाबरले. घरी यजमान म्हणाले, "नोकरी करायची का सायकल, एकदाचं ठरव." मला दोन्ही करायचं होतं.

बोटं पूर्ववत झाल्यावर मी मामांच्या दुकानात गेले. मागच्या वेळी डॉक्टरांची सायकल नेली होती, आता दोनशे किलोमीटरसाठी स्वतःची हवी, म्हटल्यावरही त्यांच्या भुवया हलल्या नाहीत. इतरांसारखंच मलाही वारंग्याला पिटाळलं. परत येऊन बाकड्यावर बसले, तर म्हणाले, "तुमी सांगू नका सिस्टर. हात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बसल्यापासून करंगळी चोळून राहिल्या ना तुमी."

मला स्वतःला ते कळलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून सुतळी काढली. मला सायकलवर बसवलं, बैठकीपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून मनगटापर्यंत, टाचेपर्यंत ती धरली आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारली. "तुमची उंची पायात हाय, पाठीत न्हाई. डॉक्टरसायबाची सायकल तुमाला लांब पडली. तुमी बसल्याच न्हाई तिच्यावर, हातावर उभ्या राहिल्या. सगळा भार त्या दोन बोटांनी वाहिला." इतकी वर्षं मी वॉर्डात निदानं ऐकत आले आहे. इतकं सरळ, इतकं नेमकं निदान क्वचितच ऐकलं असेल.

लांब पल्ल्याच्या सायकली ते विकत नव्हते. पण माझ्यासाठी त्यांनी दिवसभर दुकान बंद ठेवलं आणि माझ्यासोबत एसटीनं नांदेडला आले. माझ्याजवळ साठ हजार होते. शोरूममधल्या पोरानं दुपटीची कार्बनची सायकल पुढं केली. "मॅडम, बघा, एका बोटावर उचलते." मामा म्हणाले, "सिस्टरला उचलायची न्हाई, बसायची हाय." आणि सुतळी घेऊन ओळीनं सायकली मोजत निघाले. पोरगं गालात हसत होतं. कोपऱ्यात मागच्या वर्षीची एक सायकल पडून होती. भडक पिवळी, म्हणून कुणी नेली नव्हती. अॅल्युमिनियमची, हँडल जरा वर, चढाला हलके गिअर, रुंद टायर बसतील एवढी जागा. मामा तिथं थांबले.

"काका, हा साइज मॅडमना लहान पडेल," पोरगं म्हणालं. "उंचीच्या तक्त्यात बसत नाही."

"तक्त्याला पाठ हाय का?" मामा म्हणाले. "हँडल दोन बोटं अजून अलीकडं घ्या. अन् उरलेल्या पैशात रुंद टायर टाका. आपल्या रस्त्याचा मार टायरनं खावा, हातानं काहून खायचा?"

पोरानं मला त्यांच्या मोजमापाच्या यंत्रावर बसवलं. पडद्यावर आलेलं माप त्या पिवळ्या सायकलीचंच होतं. मग म्हणाला, "काका, ती सुतळी जरा दाखवता का?" मामांनी सुतळी त्याला दिली आणि आपण बाहेर चहा घ्यायला गेले.

त्या वर्षी फेरीला पिवळी सायकल होती. परतताना कळमनुरी मागं पडली तरी बोटं जागी होती. बाळापुरात मामा दुकानाच्या दारात उभे दिसले. मी हात उंचावणार तोच ते ओरडले, "कोपर ढिले ठिवा!" मी कोपर ढिले केले आणि पुढं गेले. वेळेच्या चाळीस मिनिटं आधी नांदेडला पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीवर जुलाबानं सुकलेलं एक लेकरू आलं. शीर पहिल्याच टोचण्यात सापडली. ड्यूटी संपल्यावर मी थेट दुकान गाठलं. मामांनी किती वेळ लागला हे विचारलं नाही. चिंधीनं हात पुसले आणि म्हणाले, "हात द्या. डोळे मिटा." मग एकेक बोट टोकाशी दाबत गेले. "हे कोणतं?" "मधलं." "आता?" "करंगळी." दहाही बोटं झाली. हजारो हात मी असे तपासले असतील, पण माझे हात कुणी तपासले नव्हते. मला रडू आवरेना. "बराबर हाय," मामा म्हणाले.

मी डोळे पुसून पर्समधून मेडल काढलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, "झ्याक हाय" म्हणून परत दिलं, आणि माझी उजवी करंगळी आणखी एकदा दाबून पाहिली.